ग्रंथपालाला वर्ग द्या : खान्देशातील संस्थाचालक आणि प्राचार्यांना खुले पत्र

प्रति,
सन्माननीय संस्थाचालक व प्राचार्य, खान्देशातील सर्व महाविद्यालये,
आणि विद्यापीठाच्या विद्या परिषदेचे सन्माननीय सदस्य

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ज्या महाविद्यालयात शिकवतो, तिथे या वर्षी एकाच बैठकीत तीन निर्णय झाले. निवृत्त झालेल्या ग्रंथपाल मॅडमचा कार्यभार कार्यालयातल्या लिपिकाकडे द्यायचा. प्रथम वर्षाच्या वेळापत्रकातला ग्रंथालयाचा तास काढून टाकायचा. आणि संदर्भ विभागाची खोली परीक्षा विभागाला उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला द्यायची. तिन्ही निर्णयांना कारण एकच सांगितले गेले : मुले आता सगळे मोबाईलवर शोधतात, ग्रंथालयात येतो कोण?

मला हे मान्य नाही. बैठकीत तसे बोललो, प्राचार्यांना लेखीही दिले. तरी हे जाहीरपणे लिहितो आहे, कारण चोपड्यापासून शहाद्यापर्यंत आणि साक्रीपासून मुक्ताईनगरपर्यंत जिथे जिथे सहकारी भेटतात, तिथे थोड्याफार फरकाने हेच ऐकायला मिळते. कुठे जागा कित्येक वर्षे रिकामी, कुठे ग्रंथालय परिचरच सगळे पाहतो, कुठे ग्रंथपाल आहेत पण त्यांना नॅक (महाविद्यालयाचे मूल्यांकन), निवडणूक आणि प्रवेशाच्या कामांना जुंपलेले. त्यामुळे कोणा एका संस्थेचे नाव घेत नाही. ज्यांच्या संस्थेत असे नसेल, त्यांनी हे पत्र आपल्यासाठी नाही असे समजावे.

मी ग्रंथपाल नाही. वनस्पतिशास्त्र शिकवतो. पारोळा तालुक्यातल्या खेड्यातून आलेला, घरातला पहिला पदवीधर. वर्गात समोर बसलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक तशीच आहेत. घरी मराठी वर्तमानपत्रही रोज येत नाही, पण हातात मोबाईल आहे आणि त्यात जगातले सगळे खरे-खोटे एकाच आकाराच्या अक्षरांत येते. यातले खरे कोणते, हे कसे ओळखायचे ते त्यांना महाविद्यालयात कोणी शिकवायचे, एवढाच माझा प्रश्न आहे.

गेल्या वर्षी तृतीय वर्षाच्या एका मुलाने केळीवरच्या हरण्या रोगावर प्रकल्प केला. चोपडा तालुक्यातला मुलगा, घरची केळी, वडिलांना या रोगाने दणका दिलेला. विषय त्याने स्वतः निवडला म्हणून मला बरे वाटले. प्रकल्प हातात आला तो सुरेख टाईप केलेला, शेवटी भरगच्च संदर्भसूची. त्यातल्या एका लेखाच्या शीर्षकात थेट खान्देशातल्या केळीचा उल्लेख होता, म्हणून तो वाचावा असे वाटले. शोधायला बसलो. नियतकालिक खरे होते. खंडही खरा होता. त्या खंडाच्या त्या पानांवर मात्र भाताच्या वाणांवरचा भलताच लेख होता. सूचीतले आणखी संदर्भ तपासले, तर काही लेख कुठेच अस्तित्वात नव्हते.

मुलाला बोलावून विचारले. तो गोंधळून म्हणाला, "सर, मोबाईलमा तं शे ना!" (मोबाईलमध्ये तर आहे ना!) त्याने एका एआय चॅटबॉटला विचारले होते आणि आलेले उत्तर जसेच्या तसे उतरवले होते. लबाडी करण्याचा त्याचा हेतू नव्हता. छापल्यासारखे नीटनेटके दिसते ते खरेच असणार, असे त्याला मनापासून वाटले. हे यंत्र शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव आहे ते पाहून वाक्ये जुळवते, आणि लेखाचे नाव, खंड, पृष्ठ क्रमांकही त्याच रीतीने जुळवून देऊ शकते, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते.

खरी काळजीची गोष्ट पुढेच आहे. प्रकल्पात 'उपाय' या मथळ्याखाली रोगट झाडांवर एका बुरशीनाशकाची फवारणी सुचवली होती, मात्रेसकट. हरण्या रोग विषाणूमुळे होतो. कुकुंबर मोझॅक या विषाणूमुळे, आणि तो पसरतो मावा या किडीमार्फत. विषाणूवर बुरशीनाशक चालत नाही. रोगट झाड दिसताच उपटून नष्ट करायचे, माव्याचा बंदोबस्त करायचा, केळीच्या बागेत आणि आजूबाजूला काकडीवर्गीय पिके टाळायची, हे खरे उपाय. मुलाने तो कागद घरी दाखवला होता आणि वडील औषध आणायच्या बेतात होते. केळी संशोधन केंद्र आपल्या जळगावातच आहे. तिथला सल्ला मराठीत मिळतो. या विषयावर आधी कोणाला विचारावे, कोणाचा शब्द प्रमाण मानावा, ही पहिली पायरीच त्या मुलाला ठाऊक नव्हती.

हे केवळ आपल्याकडच्या मुलांचे होते असे नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात मुरलेल्या वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर केले होते. त्यांना आणि त्यांच्या फर्मला मिळून ५,००० डॉलर दंड झाला. तिथे निदान न्यायाधीशांनी तपासले. आपल्याकडे प्रकल्पाची संदर्भसूची तपासायला वेळ कोणाकडे आहे? एकेका प्राध्यापकाकडे किती प्रकल्प असतात ते आपल्याला माहीत आहे. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्र प्रकल्प, समाज सहभाग, कार्यांतर्गत प्रशिक्षण अशी श्रेयांकाची (क्रेडिटची) कामे पदवीच्या मुलांवर आली. प्रकल्प वाढले, आणि प्रकल्पासाठी माहिती कशी शोधायची हे शिकवणारा माणूस त्याच वेळी कमी झाला.

आमच्या मॅडम हे शिकवत होत्या. प्रथम वर्षाच्या ग्रंथालयाच्या तासाला त्या पुस्तके घेऊन येत नसत. दोन कागद घेऊन येत. दोन्ही शासन निर्णयांच्या छापील प्रती, एक खरा आणि एक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेला बनावट. वर बोधचिन्ह, विभागाचे नाव, दिनांक, खाली सही, सगळे सारखे. त्या मुलांना विचारत, यातला खोटा कोणता? वर्ग दोन तट पडून भांडू लागे. मग त्या शेवटच्या परिच्छेदाकडे बोट दाखवत. खऱ्या शासन निर्णयाच्या शेवटी लिहिलेले असते की, हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे आणि त्याचा संकेतांक अमुक आहे. तो लांबलचक आकडा संकेतस्थळावर टाकून पाहायचा. निघाला तर खरा, नाही निघाला तर विभागाला विचारल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही. मुलांना त्या तिथेच मोबाईल काढायला लावत. एका तासात साठ मुले एक पक्की गोष्ट शिकून बाहेर पडत. भरतीच्या खोट्या जाहिराती, शिष्यवृत्तीच्या नावाने पैसे मागणाऱ्या लिंका यांना आमच्या भागातली मुले किती बळी पडतात हे ज्याला माहीत आहे, त्याला या एका तासाचे मोल कळेल.

या कौशल्याला जगभर माहिती साक्षरता म्हणतात. ही संज्ञा १९७४ पासून वापरात आहे. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने १९८९ मध्ये तिची जी व्याख्या केली तिचा आशय साधा आहे : आपल्याला माहितीची गरज केव्हा आहे ते ओळखता यावे, ती शोधता यावी, पारखता यावी आणि नीट वापरता यावी. यातले शोधणे तेवढे मोबाईलने सोपे केले. बाकीच्या तीन गोष्टी होत्या तशाच अवघड आहेत, आणि पारख तर पूर्वीपेक्षा अवघड झाली आहे.

आणि पारख नसली की काय होते, ते खान्देशाने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, आठवडे बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसे होती ती, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली. त्या आधी कित्येक दिवस मोबाईलवर तसले व्हिडिओ आणि संदेश फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी पुढे पाठवण्यावर मर्यादा आणली. कंपनीने आपल्या परीने बदल केला. आपण, म्हणजे या तीन जिल्ह्यांतल्या उच्च शिक्षणाच्या संस्थांनी, त्यानंतर अभ्यासक्रमात काय बदलले? आलेला व्हिडिओ कुठला आहे, केव्हाचा आहे, हे पाहायला शिकवणारा एक तास तरी आपण घातला का? मी त्या घटनेनंतर अनेक चर्चासत्रांना बसलो आहे. शोक व्यक्त झाला, ठराव झाले, वेळापत्रक होते तसेच राहिले.

आता तक्रारी मांडतो.

सगळ्यात मोठी तक्रार जागेची. महाविद्यालयीन ग्रंथपालाला ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. म्हणजे पात्रतेच्या बाबतीत तो सहायक प्राध्यापकाच्या बरोबरीचा. तरी आपल्याकडे प्राध्यापकाची जागा रिकामी झाली तर निदान तासिका तत्त्वावर कोणीतरी येते, ग्रंथपालाच्या जागेवर तेही येत नाही. कपाटाच्या किल्ल्या कोणाकडे तरी सोपवल्या की काम भागले असे धरले जाते. अनुदानित जागा भरायला शासनाची परवानगी लागते आणि ती वर्षानुवर्षे अडून राहते, हे मी जाणतो. पण परवानगी येईपर्यंत संस्थेने स्वनिधीतून, ठोक मानधनावर, पात्र उमेदवार नेमायला कोणी हात धरलेला नाही. जळगाव-धुळ्यात ग्रंथालयशास्त्राच्या पदव्या घेऊन घरी बसलेली मुले-मुली आहेत. प्रवेशद्वाराची कमान, सभागृहाचे वातानुकूलन यांना निधी मिळतो तेव्हा हा निधी मिळत नाही हे पटत नाही.

दुसरी तक्रार पैसे भरूनही वापर होत नाही याची. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची एन-लिस्ट ही योजना महाविद्यालयांसाठीच आहे. वर्षाला काही हजार रुपयांच्या वर्गणीत सहा हजारांहून अधिक ई-नियतकालिके आणि लाखाच्या वर ई-पुस्तके उघडतात. आमच्या महाविद्यालयाने वर्गणी भरली आहे. पण नव्या मुलांची नावे आणि ई-मेल महाविद्यालयाच्या अ‍ॅडमिन खात्यातून भरावी लागतात, तेव्हा कुठे मुलाला युजर आयडी आणि पासवर्ड जातो. ते खाते मॅडम सांभाळत. त्या निवृत्त झाल्यापासून एकाही नव्या विद्यार्थ्याचे खाते उघडलेले नाही. ज्यांच्याकडे कार्यभार आहे त्या लिपिकांना मी दोष देत नाही. फीचा काउंटर सांभाळून त्यांनी हेही करावे ही अपेक्षाच चुकीची आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केले, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये आणि सुमारे १३,००० नियतकालिके. ती योजना केंद्र आणि राज्य शासनाच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे. खान्देशातली बहुसंख्य महाविद्यालये खासगी शिक्षण संस्थांची, म्हणून आमच्या मुलांसाठी आज एन-लिस्ट हाच मुख्य दरवाजा आहे, आणि तो आपण आतून कडी लावून ठेवला आहे.

वाङ्मयचौर्याबद्दल थोडे. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, नियम २०१८ चे आहेत. प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, पुढे ४० आणि ६० टक्क्यांच्या पायऱ्या, आणि ६० च्या वर गेले तर नोंदणीच रद्द. नियम योग्य आहेत. पण मुलांपर्यंत त्यातला फक्त आकडा पोहोचला : "दहाच्या आत आण." मग मुले काय करतात? इंग्रजी मजकूर भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाकतात, मराठीतून परत इंग्रजीत आणतात, शब्द फिरवून देणाऱ्या साईटवरून आणखी एकदा फिरवतात. 'रक्तपेशी'ची भलतीच काहीतरी संज्ञा होऊन बसते, पण टक्केवारी उतरते. आणि वर सांगितलेला केळीचा प्रकल्प कोणत्याही साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून सहज पार झाला असता, कारण जो लेख कोणी लिहिलाच नाही त्याच्याशी साम्य निघणार कसे? दुसऱ्याचे म्हणणे आपल्या शब्दांत कसे मांडायचे, कुठे अवतरण द्यायचे, कुठे ऋण मान्य करायचे, हे माणसाने माणसाला शेजारी बसवून शिकवायचे काम आहे.

हे पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना शिकवतात. यूजीसीने संशोधन आणि प्रकाशन नीतीचा २ श्रेयांकांचा, ३० तासांचा अभ्यासक्रम त्यांना सक्तीचा केला आहे. फार उशीर होतो. तोपर्यंत मुलाने पदवीला आणि पदव्युत्तरला उतरवून काढण्याची सवय लावून घेतलेली असते, आणि जी लाखो मुले पदवीवर थांबतात त्यांच्यापर्यंत हे कधीच पोहोचत नाही. संशोधकांपुढे तर नवी अडचण आहे. यूजीसीने मान्यताप्राप्त नियतकालिकांची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. आता कोणते नियतकालिक विश्वासाचे, हे संस्थेने आणि संशोधकाने स्वतः ठरवायचे आहे. 'आठ दिवसांत प्रकाशन, प्रमाणपत्रासह' असे संदेश माझ्या फोनवर नेहमी येतात. संपादक मंडळ खरे आहे का, आयएसएसएन (नियतकालिकाचा क्रमांक) जुळतो का, डीओआय (लेखाचा क्रमांक) उघडतो का, हे पाहायची सवय असलेला माणूस महाविद्यालयात नेमका आजच हवा होता.

संदर्भ विभागाच्या खोलीबद्दल एवढेच म्हणतो : जिल्ह्याची गॅझेटियरे, जुनी वार्षिके, कोश, आणि मॅडमनी जमवलेली केळी, कापूस, तापी खोऱ्यावरची कात्रणे आता पोत्यांत बांधून जिन्याखाली आहेत. पावसाळ्यात तिथे ओल येते.

आणखी एक गोष्ट, जी नंदुरबारच्या मित्रांमुळे मला कळली. धडगाव, मोलगी, तोरणमाळच्या बाजूने येणारी मुले घरी पावरी किंवा भिली बोलतात. शाळेत मराठी शिकतात आणि महाविद्यालयात त्यांच्यापुढे इंग्रजी येते. सिकलसेल हा त्यांच्या घरातला, पाड्यातला आजार. त्यावर प्रकल्प करायचा म्हटला की मुलगा मराठीत शोधतो आणि समोर मुळापासून बरा करणाऱ्या चूर्णांच्या जाहिराती येतात. कोणते इंग्रजी शब्द टाकायचे, आरोग्य खात्याचे पान कोणते, हे शेजारी बसून दाखवणारा कोणी असेल तर त्याच मुलाला दोन मिनिटांत कळते की हा आजार आनुवंशिक आहे, आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि लग्नाआधीची रक्ततपासणी महत्त्वाची का आहे. ही माहिती घेऊन तो पाड्यावर परत जातो. मोबाईल दोघांनाही सारखाच दिला, पण नाशिक-पुण्याच्या इंग्रजी शाळेतून आलेल्या मुलाचे आणि या मुलाचे शोधणे सारखे होत नाही. ग्रंथपालाची जागा रिकामी राहिल्याची किंमत सगळ्यात जास्त तोच मोजतो.

ज्या भागाला पुरावा तपासण्याची परंपरा नाही तिथे हे सगळे नव्याने रुजवावे लागले असते. आपला भाग तसा नाही. जळगावचे जिल्हा वाचनालय १८७७ चे. अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर १९१६ चे. गावोगाव फिरून जुनी दप्तरे मिळवणारे, कागद हातात आल्याशिवाय विधान न करणारे इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच वारले, आणि १९२७ पासून त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे आहे. आमच्याकडचे इतिहासाचे किती विद्यार्थी तिथली कागदपत्रे पाहून आले आहेत, हे प्राचार्यांनी आपापल्या विभागप्रमुखांना एकदा विचारावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला साहित्य संमेलन झाले तेव्हा आपण सगळ्यांनी वाचनसंस्कृतीवर भाषणे केली आणि ऐकली. त्या भाषणांचा अर्थ महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकात आणि वेळापत्रकात दिसायला हवा.

काही आक्षेप मी आधीच ऐकले आहेत. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना बसायला जागा हवी, म्हणून ग्रंथालयाची अभ्यासिका केली, असे सांगतात. त्या मुलांबद्दल मला आस्था आहे. पहाटेपासून रात्रीपर्यंत ती बसतात, त्यांना टेबल, पंखा, पाणी मिळालेच पाहिजे. पण ती आपल्या घरून आणलेल्या झेरॉक्स नोट्स वाचतात, आणि त्या नोट्समधली आकडेवारी किती जुनी आहे हे त्यांनाही कोणीतरी सांगावे लागतेच. अभ्यासिका हवी, ग्रंथालयही हवे, एकाची जागा दुसऱ्याने भरून निघत नाही. दुसरा आक्षेप : ग्रंथपाल असले तरी शिकवतात कुठे? यात तथ्य आहे. काही ग्रंथपालांनी स्वतःला देवघेवीच्या खिडकीपुरते करून घेतले, कपाटांना कुलपे लावली, पुस्तक हरवले तर पगारातून जाईल या धाकात राहिले. पण त्यांना वर्ग कोणी दिला होता? अभ्यास मंडळावर कोणी घेतले होते? रंगनाथन गणिताचे प्राध्यापक होते. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे दिली. त्यात पहिलेच सूत्र आहे की पुस्तके उपयोगासाठी असतात, आणि चौथे आहे की वाचकाचा वेळ वाचवा. दर १२ ऑगस्टला आपण त्यांच्या प्रतिमेला हार घालतो. त्यांच्या सूत्रांप्रमाणे काम करू इच्छिणाऱ्याला खुर्ची, वर्ग आणि अधिकार द्यायला हवेत.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

संस्थाचालकांकडे : ग्रंथपालाची जागा रिकामी असेल तिथे शासनाकडे प्रस्ताव पाठवून त्याचा पाठपुरावा करावा, आणि परवानगी येईपर्यंत येत्या सत्रापासून स्वनिधीतून पात्र व्यक्ती नेमावी. संदर्भ विभागाची खोली संदर्भ विभागाला परत द्यावी. ग्रंथपालाला प्रवेश, परीक्षा आणि नॅकच्या कारकुनी कामातून मोकळे करावे.

प्राचार्यांकडे : प्रथम वर्षाच्या प्रत्येक तुकडीला आठवड्यातून एक तास ग्रंथालयाचा हवा, आणि तो शिकवण्याचा तास म्हणून धरला जावा. एन-लिस्टची खाती प्रवेश संपल्यापासून महिनाभरात सगळ्या विद्यार्थ्यांना मिळावीत. प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याने आपल्या सूचीतले कोणतेही तीन संदर्भ परीक्षकांसमोर उघडून दाखवावेत आणि त्यांवर विश्वास का ठेवला ते सांगावे. त्याला स्वतंत्र गुण असावेत. याला एक रुपयाही खर्च नाही. संशोधन समितीत आणि अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षात ग्रंथपाल असावेत, आणि त्यांचे म्हणणे इतिवृत्तात यावे.

विद्या परिषदेकडे : पदवीच्या पहिल्या वर्षासाठी माहिती साक्षरतेचा २ श्रेयांकांचा, ३० तासांचा अभ्यासक्रम मंजूर करावा आणि तो ग्रंथपालांनी शिकवावा असे स्पष्ट नमूद करावे. त्याचे साहित्य मराठीत असावे. उदाहरणे केळीची, कापसाची, पीकविम्याची, शासन निर्णयांची, सिकलसेलची, मोबाईलवर फिरणाऱ्या व्हिडिओंची घ्यावीत. एआयची साधने कशासाठी वापरावीत आणि कशासाठी नाहीत, याचा त्यात पूर्ण घटक हवा. बंदी घालून हा प्रश्न सुटणार नाही. विद्यापीठाच्या ज्ञानस्रोत केंद्राने, म्हणजे ग्रंथालयाने, तीनही जिल्ह्यांतल्या ग्रंथपालांचे प्रशिक्षण घ्यावे, आणि नंदुरबारच्या ग्रंथपालांना त्यासाठी दर वेळी जळगावपर्यंत यावे लागू नये.

राज्य शासनाकडे एकच : प्राध्यापक भरतीची परवानगी देताना ग्रंथपालांची पदे वेगळी काढून मागे ठेवू नयेत.

३० तासांचा कच्चा आराखडा वनस्पतिशास्त्र, इतिहास आणि मराठी विषयांच्या आम्ही काही जणांनी, निवृत्त मॅडमना सोबत घेऊन, तयार केला आहे. मॅडम पहिल्या सत्राचे तास विनामूल्य घ्यायला तयार आहेत. ज्या महाविद्यालयाला आराखडा हवा असेल त्यांना तो देऊ. विद्या परिषदेच्या पुढच्या बैठकीपूर्वी विद्यापीठालाही रीतसर सादर करू. माझ्या संस्थेकडून मला लेखी उत्तर हवे आहे : जागा केव्हा भरणार, तास केव्हापासून लागणार, आणि जिन्याखालची पोती पावसाळ्याआधी वर येणार की नाही.

आपला विश्वासू,
वनस्पतिशास्त्राचा एक प्राध्यापक,
जळगाव जिल्हा